रिमोट कंत्राटावर मोबाइल ॲप : काम कुठे अडतं?

फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हवर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप बनवणारी साधनं) परदेशी क्लायंटचं काम घरून, कंत्राटावर करणारे आता तालुक्याच्या गावीही आहेत. कोडिंग शिकवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. कोड लिहून झाल्यावर गाडी कुठे अडते, हे सांगणारे कमी. तेवढंच इथे लिहा. नव्याने उतरणाऱ्याला उद्या कामी येईल असं.

फ्लटर, नाशिक

स्टोअरची खाती क्लायंटच्या नावावर आणि पहिल्याच आठवड्यात उघडायला लावा. अ‍ॅपलचे वर्षाला ९९ डॉलर, गूगल प्लेचे एकदाच २५. ‘सध्या तुमच्या खात्यावरून टाका, मग बघू’ याला साफ नाही म्हणा. पुढे ॲपवर काही कारवाई झाली तर ती तुमच्या खात्यावर येते आणि त्यात इतर क्लायंटची ॲप्सही अडकतात.

कंपनीच्या नावे खातं काढायला डी-यू-एन-एस, म्हणजे कंपनीची ओळख पटवणारा क्रमांक लागतो. तो मोफत मिळतो, पण वेळ खातो. म्हणून क्लायंट वैयक्तिक खातं काढतो, आणि तिथे दोन गाठी बसतात. अ‍ॅपलच्या वैयक्तिक खात्यात तुम्हाला ॲप स्टोअर कनेक्टमध्ये (ॲप चढवायच्या संकेतस्थळावर) घेता येतं, पण ॲपवर सही करणाऱ्या सर्टिफिकेटचं पान फक्त खातेदाराला उघडतं. तेव्हा तुमच्या मॅकवरच्या कीचेनमधून (पासवर्ड आणि की साठवणाऱ्या ॲपमधून) सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेटच्या अर्जाची फाइल काढून त्याला पाठवायची. तो ती चढवून सर्टिफिकेट उतरवून देतो. प्रायव्हेट की तुमच्याच मॅकवर राहते, त्यामुळे की आणि सर्टिफिकेट एकत्र ठेवणारी पी-१२ फाइल करून लगेच दुसरीकडे ठेवा. गूगलकडे १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल तर प्रॉडक्शनचा, म्हणजे ॲप सर्वांसाठी खुलं करण्याचा अर्ज करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांच्या चाचणीत) लागतात. हे दिवस वेळापत्रकात धरले नाहीत, तर उशिराचं खापर डेव्हलपरवरच फुटतं.

फ्लटर, कोल्हापूर

पहिला डेमो रिलीज बिल्डचाच द्या, म्हणजे ग्राहकाला मिळते त्या आवृत्तीचा; डीबग आणि प्रोफाइल या आपल्या चाचणीच्या आवृत्त्या. फ्लटरच्या नव्या प्रोजेक्टमध्ये इंटरनेटची परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये (अँड्रॉइडला ॲपच्या परवानग्या सांगणाऱ्या फाइलमध्ये) असते. मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती ओळ आपण घालायची. राहिली तर आपल्या फोनवर डीबगमध्ये सगळं सुरळीत, आणि क्लायंटच्या फोनवर नुसतं चक्र फिरत बसतं. लॉगिन चुकतंय म्हणून दोन दिवस सर्व्हरवाल्याशी वाद होतो, खोट मात्र एका ओळीची.

रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, पुणे

आमच्याकडे डोकेदुखी जुन्या लायब्ररींची. रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या ०.७६ आवृत्तीपासून न्यू आर्किटेक्चर, म्हणजे आतली नवी रचना, डीफॉल्ट झाली आणि जुन्या लायब्ररी तिच्यावर चालतीलच असं नाही; अर्धवट प्रोजेक्ट हातात घेताना दर सांगण्याआधी पॅकेज-डॉट-जेसन (वापरलेल्या लायब्ररींची यादी) मागा आणि कोणत्या लायब्ररीला कित्येक महिन्यांत हात लागलेला नाही ते पाहा. अपग्रेडचं काम वेगळ्या रकमेचं. आयफोनच्या लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी पॉडफाइल-डॉट-लॉक रेपोत (कोडच्या साठ्यात) हवीच, नाहीतर दोन मॅकवर दोन वेगळे बिल्ड निघतात.

आयफोनवर नोटिफिकेशन पाठवणाऱ्या एपीएनएस सेवेची पी-८ की अ‍ॅपल एकदाच डाउनलोड करू देतं. ती थेट क्लायंटच्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये जाऊ द्या.

दोन्हीवर काम, ठाणे

‘ॲप लाइव्ह झाल्यावर शेवटचा हप्ता’ हे कलम मान्य करू नका. लाइव्ह होणं रिव्ह्यूवर आणि क्लायंटच्या मजकुरावर अवलंबून असतं. ॲपमध्ये खातं उघडता येतं पण मिटवता येत नाही, रिव्ह्यूअरला चालू डेमो लॉगिन दिलेलं नाही, डिजिटल वस्तू विकताना इन-ॲप पर्चेस टाळलंय: यावर अ‍ॅपल ॲप परत पाठवू शकतं. म्हणून हप्ता टेस्टफ्लाइट (अ‍ॅपलची चाचणीसाठी ॲप वाटायची सोय) बिल्ड आणि लेखी चाचणीयादीशी बांधा. टेस्टफ्लाइट बिल्ड ९० दिवसांनी संपतो, हेही करारात लिहा. तीन महिन्यांनी ‘ॲप बंद पडलं’ असा मेल येतोच.

फ्रीलान्स, नागपूर

पैशांचं थोडक्यात. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं, फॉर्म आरएफडी-११. बँकेला पर्पज कोड (परदेशातून पैसे कशाचे आले ते सांगणारा क्रमांक) बरोबर द्या आणि प्रत्येक रकमेचा परकीय जमा दाखला जपून ठेवा. निर्यात सिद्ध करायला तोच लागतो.

रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, पणजी

मीटिंगची वेळ क्लायंटच्या घड्याळाने ठरवा. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतं, युरोपचं शेवटच्या रविवारी. दोन्हीकडचे क्लायंट असतील तर मधल्या दिवसांत कॉल एकमेकांवर आदळतात, म्हणून फेब्रुवारीतच कॅलेंडर तपासून घ्या.