सेल निघत नसेल तर टॉर्च घेऊ नका (वाद घालायला मोकळे आहात)

घाटवाट

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: खिशात मावेल, चार्ज होईल आणि ऐनवेळी दगा देणार नाही अशी टॉर्च सुचवा. उत्तरंही ठरलेली. एक जण म्हणतो मोबाइलचा फ्लॅश आहे की. दुसरा कुठल्यातरी ऑफरची लिंक चिकटवतो. तिसरा '१०,००० ल्युमेन' (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) छापलेल्या खोक्याचा फोटो टाकतो. (साध्या गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळूनही एवढा उजेड पडत नाही, आणि हा खिशातून पाडणार.)

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या टॉर्चचा सेल हाताने काढून बदलता येत नाही ती घेऊ नये. ल्युमेन, पल्ला, किंमत हे सगळं त्यानंतर.

लिथियम-आयन सेल वापरा किंवा नुसता कपाटात ठेवा, त्याची ताकद वर्षागणिक उतरतेच. पूर्ण चार्ज करून गाडीत उन्हात टाकलात तर आणखी भरभर. एलईडी मात्र वर्षानुवर्षं टिकते. म्हणजे दिवा ठणठणीत, ॲल्युमिनियमची बॉडी ठणठणीत, काच ठणठणीत, आणि आत मेलेला सेल. तो निघत असेल तर नवा घालायचा. सील असेल तर अख्खी टॉर्च भंगारात.

एका १८६५० सेलवर चालणारी टॉर्च घ्या. हा लिथियम-आयन सेलच, नाव मापावरून: १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. चांगला सेल ३,००० ते ३,५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा, म्हणजे ३.६ व्होल्टच्या हिशेबाने ११ ते साडेबारा वॉट-तास. १०० ल्युमेनवर नऊ-दहा तास निघतात आणि पायवाटेला १०० ल्युमेन भरपूर झाले. एक जादा सेल डबीत टाकला की दुसऱ्या रात्रीचीही सोय.

खोक्यावरचे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एफएल-१ या टॉर्चसाठीच्या मापदंडानुसार 'रनटाइम' म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे १,००० ल्युमेनची टॉर्च 'चार तास' चालते म्हणतात तेव्हा त्यातली बरीच वेळ ती दोन-तीनशेवरही असू शकते. गरम झाली की ती स्वतःच उजेड कमी करते. आणि 'पल्ला २०० मीटर' म्हणजे २०० मीटरवर ०.२५ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तेवढ्यात समोरचं झुडूप आहे की रानडुक्कर हे कळत नाही. पल्ला निम्मा धरून चाला.

---

मधली_सुट्टी

लेख छान, निष्कर्ष अमान्य.

तुम्ही ट्रेकर लोक टॉर्च घेता छंदाने. बाकीचे घेतात लाइट जाते म्हणून. माझी आई सावंतवाडीजवळ एकटी राहते. पावसात तिकडे लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. तिच्या हातात सुटा लिथियम सेल द्यायचा? ती तो उलटा घालेल. जादा सेल ज्या डब्यात ठेवेल त्यात किल्ल्या, सेफ्टी पिना आणि सुटे पैसे असतात. दोन्ही टोकांना किल्ली टेकली तर काय होतं ते तुम्हीच सांगा.

सेल बदलता येतो याचाच अर्थ चुकीचा सेल घालता येतो.

मी तिला सील केलेली, टाइप-सीवर चार्ज होणारी छोटी टॉर्च दिली आहे. फोनचाच चार्जर, फोनचीच वायर. तीन-चार वर्षांनी सेल उतरला तर नवी घेईन. तुमचा खरा १८६५० आणि बरा चार्जर यांची बेरीज केली तर माझी टॉर्च त्याच्या आतच येते.

---

घाटवाट

@मधली_सुट्टी, किल्लीचा मुद्दा खरा आहे. शॉर्ट झाला तर सेल तापतो, पेटूही शकतो. त्यासाठी प्लॅस्टिकची डबी मिळते, कुठल्याही चार्जरपेक्षा स्वस्त. उलट्या सेलचं म्हणाल तर बऱ्या टॉर्चमध्ये उलटा घातला तर टॉर्च लागतच नाही, बिघडत काही नाही.

पण 'नवी घेईन' हेच मला खटकतं. जुनी कुठे जाणार? ओल्या कचऱ्यात. सील केलेल्या टॉर्चमधला सेल वेगळा काढून द्यायची सोय ना आईकडे ना भंगारवाल्याकडे.

---

निकेल_निष्ठ

तुम्ही दोघं लिथियमच्या नादात आपला पेन्सिल सेल (एए) विसरलात.

एका पेन्सिल सेलवर चालणारी टॉर्च बोटभर लांबीची असते, खिशात आहे हे जाणवतही नाही. आत चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइड सेल घाला. २००५ साली सान्योने एनेलूप आणल्यापासून 'चार्ज करून ठेवला आणि महिन्याभरात आपोआप उतरला' ही जुनी तक्रार संपली आहे. वर्षभर खणात पडला तरी बराचसा चार्ज शिल्लक असतो. पेटण्याचा धोका लिथियमच्या मानाने नगण्य. आईच्या किल्ल्यांच्या डब्यात मी तोही ठेवणार नाही, पण ठेवला गेला तर रात्री झोप लागेल.

आणि मुख्य गोष्ट. कळसूबाईच्या पायथ्याला बारीत सेल संपला, तर गावातल्या दुकानात बिस्किटाच्या पुड्याशेजारी काय मिळेल? पेन्सिल सेल. १८६५० मागून बघा, दुकानदार तो मोबाइल नंबर समजून पुढचे आकडे विचारेल.

---

घाटवाट

हा हा, मान्य. पण हिशेब करा. पेन्सिल सेल १.२ व्होल्ट, २,००० एमएएच, म्हणजे २.४ वॉट-तास. १८६५० त्याच्या पाचपट. तुम्ही पाच सेल वाहणार का? आणि दुकानातला साधा किंवा अल्कलाइन सेल अडचणीला घातलात तर घरी आल्यावर आठवणीने काढा. तो आत फुटला की ते पांढरं, मिठासारखं साचतं, स्प्रिंग गंजते आणि झाकणाचे आटे जाम होतात. आमच्या घरातल्या कित्येक टॉर्च अशाच गेल्या.

---

रात्रपाळी

बार्शीकडचा शेतकरी आहे. आमच्याकडं मोटरीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) अंधारात जावं लागतं. टॉर्च कशी हवी ते आमच्याकडून ऐका, गडावर वर्षातून चारदा जाणाऱ्यांकडून नको. राग मानू नका.

पहिली गोष्ट, बटण. हाताला चिखल, एका हातात खोरं. बटण अंगठ्याला लागलं पाहिजे आणि दाबलं की उजेडच पडला पाहिजे. आजकालच्या टॉर्चला एकदा दाबलं तर जास्त, दोनदा दाबलं तर कमी, तिसऱ्यांदा ते नाच्यासारखं लुकलुकतं, चौथ्यांदा एसओएस. बांधावर मी कुणाला एसओएस देऊ? म्हशीला?

दुसरी गोष्ट, लांबचा उजेड आम्हाला काय करायचा? पल्ला पल्ला काय घेऊन बसलात. साप पायाशी असतो. घोणस पाचटात (उसाच्या वाळल्या पाल्यात) पडली तर झोताच्या मधल्या गोल ठिपक्यात सापडायची नाही. ठिपक्याच्या बाहेर सगळा अंधार. आम्हाला पसरट उजेड लागतो, दहा-पंधरा फूट सगळं सारखं दिसलं की झालं.

सेल निघतो का नाही ते आम्ही शेवटी बघतो. पूर्वीच्या भिंतीत खोचायच्या दोन पिनांच्या बॅटऱ्या आठवतात का? एक सीझन, की खलास.

---

सोल्डर_आणि_चहा

@रात्रपाळी, त्या दोन पिनांच्या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा छोटी शिसं-आम्ल बॅटरी असायची. ती उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि नंतर चार्ज घेतच नाही. सीझन संपल्यावर तुम्ही ती खुंटीला टांगून ठेवली असणार. वापरण्यात चूक नव्हती, ती जातच तशी.

आता @घाटवाट आणि @मधली_सुट्टी. तुम्ही भांडताय ते दोन टोकांवर. सेल निघतोही आणि टॉर्चलाच टाइप-सीचं भोकही आहे, अशा टॉर्च सर्रास मिळतात. पण त्यातही मेख आहे. काही कंपन्या सेल 'बदलता येण्याजोगा' म्हणतात आणि आत स्वतःचाच खास सेल देतात, ज्याचे धन आणि ऋण दोन्ही संपर्क एकाच टोकाला असतात. बाजारातला साधा १८६५० त्यात चालेलच असं नाही. कंपनीने तो सेल बनवणं थांबवलं की तुमची टॉर्च सील केलेलीच समजा. घेण्याआधी झाकण उघडून पाहा. सेलचं सपाट शेपूट (ऋण टोक) आणि समोर साधं धन टोक असेल तर सेल प्रमाण मापाचा.

टाइप-सीबद्दलही एक. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये भोक टाइप-सीचं, पण आतले ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. मग नव्या फोनच्या सी-टू-सी वायरने ती चार्जच होत नाही. चार्जर समोर काहीतरी आहे हे ओळखतच नाही, वीज सोडत नाही. जुन्या, एका बाजूला चौकोनी यूएसबी असलेल्या वायरने होते. लोक टॉर्च बिघडली म्हणून परत करतात. आईंना टॉर्च दिलीत तर ती वायर सोबत द्या.

---

मधली_सुट्टी

बघा! हेच म्हणतोय. सपाट शेपूट, धन-ऋण एका टोकाला, ५.१ किलोओहम. एक दिवा घ्यायला पॉलिटेक्निकचा डिप्लोमा लागतोय. सामान्य माणसाला दिवा हवा आहे, हौस नाही.

---

काजवा_पाहताना

मधेच घुसते. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या मंडळींना दंडवत. झाडभर काजवे लयीत लुकलुकत असतात आणि हे १,००० ल्युमेन त्यांच्यावर मारतात, फोटो नीट यावा म्हणून. त्यांचा उजेड म्हणजे नर-मादीचा आपसातला निरोप असतो. तुम्ही झोत मारलात की तो निरोपच थांबतो.

म्हणून मी टॉर्च घेताना सगळ्यात जास्त उजेड किती हे बघतच नाही. सगळ्यात कमी किती ते बघते. एक ल्युमेनच्या आतला मोड असेल तर डोळे अंधाराला सरावलेले राहतात, तंबूत शेजारचा जागा होत नाही आणि सेल अनेक दिवस पुरतो. बहुतेक स्वस्त टॉर्चमध्ये 'लो' म्हणजेच ५०-६० ल्युमेन. शिवाय त्या पूर्ण ताकदीचाच झोत भराभर चालू-बंद करून 'कमी' करतात, हात हलवला की उजेडाचे तुकडे दिसतात. डोकं दुखतं.

आणि @रात्रपाळी, तुमच्या घोणशीसाठी एक सुचवते. रंग खरे दाखवणारी एलईडी बघा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९० किंवा वर. निळसर पांढऱ्या उजेडात तपकिरी पाचट आणि तपकिरी साप एकाच रंगाचे दिसतात. जरा पिवळसर, चांगल्या सीआरआयच्या उजेडात अंगावरचे ठिपके वेगळे उठतात. ल्युमेन थोडे कमी मिळतात, मिळू देत.

---

रात्रपाळी

ताई, हे पटलं. मंडपवाल्याच्या त्या निळ्या फोकसमध्ये तर वरण पण मातीसारखं दिसतं. पण सीआरआय खोक्यावर लिहिलेलं असतं का? आमच्या बाजारात तर फक्त 'लाँग रेंज' आणि वाघाचं चित्र.

---

काजवा_पाहताना

वाघाच्या चित्राला सीआरआय नसतो. लिहिलेलं नसेल तर ७०च्या आसपासचं धरून चाला.

---

घाटवाट

@रात्रपाळी, पसरट उजेडाचं शंभर टक्के खरं. दुकानात टॉर्च भिंतीवर मारून पाहा, मधला ठिपका लहान आणि कडक असेल तर ती लांबच्या कामाची. खडबडीत रिफ्लेक्टरची किंवा दाणेदार काचेची घ्या. हेडटॉर्च बांधावर उत्तम, दोन्ही हात मोकळे. पण धुक्यात तिचा उपयोग शून्य. जुलैत हरिश्चंद्रगडावर डोक्यावरचा उजेड समोरच्या धुक्यावरून थेट डोळ्यांत परततो, पांढरी भिंत उभी राहते. टॉर्च कमरेपाशी धरली की पायाखालचं दिसतं. म्हणून हातातली लागतेच.

@मधली_सुट्टी, हौस म्हणा. पण माझी जुनी टॉर्च दुसऱ्या सेलवर आजही चालते आणि तुमची तिसरी यायची वेळ होईल.

---

निकेल_निष्ठ

आणि माझी कुठल्याही दुकानातल्या सेलवर चालते. नोंद असावी.

---

मधली_सुट्टी

एक प्रामाणिक प्रश्न. समजा तुमचं ऐकलं. १८६५० घ्यायचा कुठून? ऑनलाइन पाहिलं तर पहिल्याच पानावर '९,९०० एमएएच'. तुम्ही तर ३,५०० म्हणताय.

---

सोल्डर_आणि_चहा

९,९०० निखालस खोटं. त्या मापात तेवढी क्षमता आज कुणीच बसवू शकत नाही. सेल हातात आला की किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान भरतो. तीसच्या आसपास भरला तर परत करा. वजन भरलं म्हणजे अस्सलच असं मात्र नाही, जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं वेष्टन चढवलेलेही वजनाला बरोबर भरतात. त्यामुळे टॉर्चच्या कंपनीनेच सोबत दिलेला सेल सगळ्यात बिनघोर. थोडा महाग पडतो.

---

मधली_सुट्टी

म्हणजे किराणा दुकानात सेलचं वजन करायचं, आणि वजन बरोबर आलं तरी विश्वास ठेवायचा नाही.

सील केलेलीच पाठवतोय. चौकोनी यूएसबीवाल्या वायरसकट.