इकारस खरोखर महत्त्वाकांक्षेचा बळी होता का?

उंबरठा (धागाकर्ता):
आवाक्याबाहेर झेप घेणाऱ्याचे पंख जळतात, एवढाच अर्थ सूर्याच्या फार जवळ उडून, पंखांचे मेण वितळून समुद्रात पडलेल्या इकारसच्या ग्रीक कथेला चिकटला आहे. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसीज’ या काव्याच्या आठव्या खंडातील कथन वाचल्यावर मला तो अर्थ अपुराच नव्हे, तर अन्यायकारक वाटू लागला. क्रीटच्या मिनोस राजाने जमीन आणि समुद्र हे दोन्ही मार्ग अडवल्यामुळे इकारसचा बाप, कुशल कारागीर डीडलस याने पिसे दोऱ्याने आणि मेणाने जोडून स्वतःसाठी व मुलासाठी पंख तयार केले. ते तयार होत असताना शेजारी उभा असलेला इकारस हसत हसत अंगठ्याने मेण मऊ करत बसला होता. ज्याला मेण हे खेळणे वाटते त्याच्या खांद्यावर ते पंख बांधणारा माणूस मेणाची मर्यादा पुरेपूर जाणत होता.

महत्त्वाकांक्षा शोधायचीच असेल, तर ती डीडलसमध्ये शोधावी. माशाच्या काट्यावरून करवतीची कल्पना काढणाऱ्या बारा वर्षांच्या भाच्याला, पर्डिक्सला, त्याने मत्सरापोटी अथेन्सच्या गडावरून ढकलून दिले. अथीना देवीने त्या मुलाचा तित्तर केला, आणि इकारसला पुरले जात असताना हाच तित्तर पंख फडफडवून आनंद व्यक्त करतो. हे दोन प्रसंग ओव्हिडने योगायोगाने लागोपाठ मांडले असतील, असे मला वाटत नाही.

ताम्हण:
बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्याने मुलगा निर्दोष ठरत नाही. मधल्या उंचीवरून उडण्याची सूचना त्याला स्पष्ट शब्दांत मिळाली होती. शिवाय तो पडला तेव्हा डेलॉस आणि पारोस ही बेटे मागे पडली होती. म्हणजे क्रीटमधून सुटका झालेली होती आणि पुढची उंची गरजेची नव्हती. आकाशाच्या ओढीने त्याने वाटाड्याची, म्हणजे बापाची, साथ सोडली, असे ओव्हिड स्वतःच म्हणतो. याला महत्त्वाकांक्षा म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

आपल्याकडे वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात संपाती आणि जटायू हे भाऊही सूर्याकडे झेपावतात आणि त्या झेपेची किंमत पंखांनीच चुकती होते. दोन संस्कृतींना एकच गोष्ट सांगावीशी वाटली, ती उगाच नव्हे.

उंबरठा:
हे उदाहरण तर माझ्या बाजूचे आहे. धाकटा जटायू उन्हाने व्याकुळ झाला तेव्हा थोरल्या संपातीने त्याच्यावर स्वतःचे पंख पसरले, ते जळाले आणि तो विंध्य पर्वतावर कोसळला. तिथे वडीलधाऱ्याने किंमत मोजली. डीडलस पुढे उडत होता आणि मधूनमधून मागे वळून पाहत होता.

नटबोल्ट:
व्यवसायाने अभियंता असल्यामुळे एक खुसपट आधी काढतो: वर जावे तसे हवेचे तापमान किलोमीटरमागे सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे इकारसचे मेण वितळण्याऐवजी अधिक कडक झाले असते! पण माझा मुद्दा वेगळा आहे. डीडलसच्या सूचनेचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे फार खाली उडू नकोस, लाटांच्या पाण्याने पंख जड होतील, हा सगळेच विसरतात. 23 एप्रिल 1988 रोजी ‘डीडलस’ नावाचे पायडलवर चालणारे विमान क्रीटहून सँटोरिनीकडे निघाले. ग्रीक सायकलपटू कानेलोस कानेलोपुलोस याने ते समुद्रालगतच्या उंचीवरून चार तासांहून किंचित कमी वेळात सुमारे 115 किलोमीटर नेले, आणि अगदी किनाऱ्याजवळ वाऱ्याच्या झोतांनी ते मोडले. तो पोहून काठाला लागला.

दोषाचे म्हणाल, तर 28 जानेवारी 1986 चे अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान आठवावे. थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांची लवचीकता कमी होते, म्हणून रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री उड्डाणाला विरोध केला होता. तो डावलला गेला आणि यान 73 सेकंदांत फुटले. इथे घडवणाऱ्यांनी नकार दिला होता, आणि यानात बसलेल्या सात जणांपर्यंत तो वाद पोहोचलाच नव्हता. तुमच्या दोघांच्याही मांडणीत ही गोष्ट बसत नाही.

उंबरठा:
मान्य. ताम्हण यांचा आकाशाच्या ओढीचा मुद्दाही मी पूर्ण नाकारत नाही. तरीही रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ या महाकाव्यातील एक जागा पाहावी. इटलीतील कुमे येथे डीडलसने अपोलोचे मंदिर उभारले. त्याच्या दारांवरील शिल्पांत त्याने मुलाचे पडणे सोन्यात कोरण्याचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा बापाचे हात गळून पडले. याला मी कबुली समजतो.

ताम्हण:
मी शोक समजतो. त्याच दारांवर अर्धा माणूस, अर्धा बैल असलेला मिनोटॉर आहे, चक्रव्यूह आहे, अथेन्सने बळी म्हणून पाठवलेली मुले आहेत. गडावरून पडणारा भाचा मात्र व्हर्जिलच्या वर्णनात कुठेही नाही.