नाट्यगृहाला व्यवस्थापक पुरे, की कलाप्रमुखही हवा?

विंगेतला: बावीस वर्षं प्रकाशयोजना करतोय. मागच्या महिन्यात दौऱ्यावर एका पालिकेच्या नाट्यगृहात साडेचारचा प्रयोग होता. दोनला आत शिरलो तर सकाळच्या स्नेहसंमेलनाचं थर्माकोल स्टेजवर तसंच पडलेलं. पुढच्या बारवरच्या, म्हणजे लाइट टांगायच्या दांडीवरच्या, सहा लाइटपैकी दोन बंद. व्यवस्थापक भला माणूस, पण दोन महिन्यांपूर्वी पाणीपट्टीतून बदलून आलेला. लाइट कमीजास्त करणारा डिमर म्हणजे काय, हे मलाच त्यांना दाखवावं लागलं. दोष त्यांचा नाही. वायरमन वीज विभागाचा, सफाई ठेकेदाराची, तारखांचं रजिस्टर कारकुनाकडे, आणि प्रत्येकाचा साहेब वेगळा. रंगमंचाचा धनी कुणीच नाही. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात नाटक, संगीत, नृत्य यांना वेगवेगळे प्रमुख आहेत. आपल्याकडेही प्रत्येक नाट्यगृहाला कलाप्रमुख नेमा आणि सगळे विभाग त्याच्या हाताखाली द्या.

तिसरी घंटा: लाइटचं दुखणं खरं, पण औषध चुकतंय. कलाप्रमुख आला की तारखा त्याच्या आवडीने वाटल्या जाणार. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली उघडलं. तिथे नाटकही होतं, लावणीही होते. उद्या एखाद्या प्रमुखाला लावणी हलकी वाटली तर त्या बायकांनी जायचं कुठे? वरच्यांनी कलेचे निर्णय घेतले की काय होतं, ते पूर्वी दिसलंच आहे. 1972 मध्ये आलेलं ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक पीडीए या पुण्याच्या नाट्यसंस्थेने 19 प्रयोगांनंतर थांबवलं. कलाकारांना बाहेर पडून 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढावी लागली, तेव्हा कुठे ते नाटक पुन्हा उभं राहिलं.

विंगेतला: पीडीए ही संस्था होती, इमारत नव्हे. नाटक कुणी करायचं, हे नाट्यगृहाने ठरवावं असं मी म्हणतच नाही.

तिसरी घंटा: मग त्याला ‘कला’प्रमुख का म्हणताय?

बुकिंग खिडकी: मी थोडा विंगेतल्याच्या बाजूचा. पैसा आणि कला एकाच माणसाच्या गळ्यात पडली की काय होतं, ते गंधर्व नाटक मंडळी या जुन्या नाटक कंपनीत पाहावं. 1913 मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनी ती काढली. पुढे दोघे भागीदार बाहेर पडले आणि सगळा भार एकट्या बालगंधर्वांवर आला. इतका थोर नट, पण मंडळी कर्जात बुडत गेली. आपल्या व्यावसायिक रंगभूमीने हा धडा घेतला, म्हणून निर्माता वेगळा, दिग्दर्शक वेगळा, आणि दौरा, तारखा, माणसं सांभाळणारा ‘सूत्रधार’ वेगळा. जाहिरातीत त्याचं नाव येतं, ते उगाच नाही. नाट्यगृहात नेमकी हीच जागा रिकामी आहे.

तिसरी घंटा: हे मला पटतं. तंत्र जाणणारा रंगमंच व्यवस्थापक द्या, बदली न होणारा. वायरमन आणि सफाई त्याच्याच हुकमात असू द्या. तारखा मात्र त्याच्या हाती नकोत, त्या जाहीर नियमानेच वाटल्या जाव्यात. आणि त्याचा पगार भाड्यातून काढू नका. हौशी संस्थांना आहे तेच भाडं जड जातं.

विंगेतला: कलाप्रमुखाचा हट्ट मी अजून सोडलेला नाही, निदान बालनाट्यासाठी आणि नव्या लेखकांसाठी कुणीतरी हवंच. पण आधी हा माणूस नेमा. माझं पत्र तयार आहे, पडद्यामागच्या कामगारांच्या सह्या घेतोय. तुमच्या शहरातल्या नाट्यगृहात किती लाइट बंद आहेत, ते मोजून इथे लिहा. आकडे पत्राला जोडतो.