प्रार्थनेची वही : आपले अनुभव

डोळे मिटून बसले की दोन-तीन वाक्यांनंतर माझे मन भलतीकडे जात असे आणि प्रार्थना अर्धवट राहिल्याचे भान बऱ्याच वेळाने येत असे. म्हणून ७ वर्षांपूर्वी मी प्रार्थना लिहून काढायला सुरुवात केली. हाताचा वेग मनापेक्षा कमी असतो, त्यामुळे मन आपोआप जागेवर राहील, एवढीच माझी अपेक्षा होती आणि ती पूर्ण झाली. पहिली वही भरल्यावर मी ती एका बैठकीत वाचून काढली, तेव्हा मात्र निराळेच काही समोर आले. जवळजवळ प्रत्येक पानावर ‘दे’, ‘होऊ दे’ किंवा ‘होऊ देऊ नकोस’ यांपैकी काहीतरी होते. आभाराची वाक्ये थोडी होती, आणि क्षमा मागणारे वाक्य संपूर्ण वहीत एकच सापडले. तेसुद्धा, जिच्यावर मी अन्याय केला होता त्या व्यक्तीचे नाव न घेता लिहिलेले. स्वतःच्या अक्षरात हे वाचणे फार जड गेले. मी स्वतःला श्रद्धाळू समजत होते. प्रत्यक्षात मी बराचसा काळ केवळ घाबरलेली होते. दुसऱ्या वहीच्या पहिल्या ओळीत मी ते नाव लिहिले आणि तेथून माझी खरी प्रार्थना सुरू झाली, असे मी मानते.

ज्यांनी अशी वही ठेवली आहे, किंवा ठेवून सोडून दिली आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती. देवाला कोणत्या नावाने हाक मारता, याची येथे आडकाठी नाही. विशेषतः मागितलेले मिळाले नाही तेव्हा वहीचे काय झाले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

*

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. माझा व्यवसाय हिशेबाचा असल्यामुळे मी पानाच्या मधोमध रेघ मारली होती. डावीकडे तारीख आणि मागणे, उजवीकडे त्याचे उत्तर. सुरुवातीला उजवी बाजू भराभर भरत गेली, कारण मी लहानसहान गोष्टी मागत होतो. पुढे भावाशी अबोला झाला आणि ‘त्याने माझ्याशी बोलावे’ हे मागणे मी डावीकडे ११ महिने लिहीत राहिलो. समोरची कोरी जागा दररोज डोळ्यांत खुपू लागली; देव माझे देणे थकवतो आहे, असेच मला वाटू लागले आणि एके दिवशी मी वही बंद केली. प्रार्थनाही तेव्हाच थांबली.

जवळजवळ ३ वर्षांनी कपाट आवरताना ती वही हाती लागली. तेच वाक्य पानामागून पान वाचताना माझ्या लक्षात आले की ‘मी त्याच्याशी बोलावे’ असे मी एकदाही लिहिले नव्हते. त्या रात्री मी भावाला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो आहे; कारण अशा अनुभवांचा शेवट नेहमी गोड करून सांगितला जातो आणि ज्याला उत्तर मिळाले नाही तो आपलीच श्रद्धा कमी पडली असे समजून गप्प बसतो. आता वही पुन्हा चालू आहे. मधली रेघ मात्र मी मारत नाही.

*

माझा अनुभव लहान आहे. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन’ असे आपण सहज बोलून जातो आणि घरी पोहोचेपर्यंत विसरतो. मी खिशात एक छोटी वही ठेवते आणि शब्द दिल्याबरोबर त्या व्यक्तीचे नाव आणि दुखण्याचे नेमके कारण त्यात लिहिते. १५ दिवसांनी त्या व्यक्तीची विचारपूस करते. दिलेला शब्द पाळला जातो, याहून अधिक काही मला सांगायचे नाही.

*

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून एक माहिती जोडतो. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक घटनांविषयी लिहायचे होते. ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर लगेच अधिक उदास वाटले. पुढील काही महिन्यांत मात्र आरोग्यकेंद्रात जाण्याची वेळ त्यांच्यावर तुलनेने कमी आली. वही सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात मन उलट जड झाले तर ‘हे मला जमत नाही’ असा निष्कर्ष घाईने काढू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

परंतु प्रार्थनेची वही आणि रोजनिशी यांत फरक आहे, असे माझे स्वतःचे मत आहे. रोजनिशीत मी ‘आज मला राग आला’ असे लिहितो. प्रार्थनेत ‘तू पाहिलेस ना, मी कसा वागलो ते’ असे लिहावे लागते. ‘तू’ हा शब्द आला की सारवासारव करणे अवघड होते.

*

मला ते अवघड झाले नाही, सोपे झाले, आणि म्हणून मी ही वही सोडली. माझी भाषा बरी आहे. काही महिन्यांतच माझ्या प्रार्थना वाचनीय होऊ लागल्या. एखादा शब्द खोडून त्या जागी अधिक चांगला शब्द लिहिताना मी स्वतःला पकडले, आणि तो शब्द मी कोणासाठी शोधतो आहे, याचे प्रामाणिक उत्तर मला देता आले नाही. त्यातच घरातील एका व्यक्तीने ती वही वाचली. त्यानंतर मी जे लिहिले ते सारे त्या वाचकाला उद्देशून होते. आता मी न लिहिता बसतो. ज्यांना वही लाभते त्यांच्याविषयी मला आदर आहे. सर्वांनी लिहावेच, असा आग्रह मात्र नसावा.

*

वरील अनुभव वाचून मला ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाची आठवण झाली. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे साडेदहापासून साडेबारापर्यंत त्यांना ईश्वराचा जो अनुभव आला, तो त्यांनी तुटक शब्दांत कागदावर उतरवला आणि अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ साली त्यांच्या मृत्यूनंतर तो कागद सापडला, तोवर त्याविषयी त्यांनी कोणाला सांगितलेले दिसत नाही. जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक रोजनिशीचा १५४४-४५ या काळातील भाग उपलब्ध आहे. त्यात अनेक दिवसांच्या नोंदी जेमतेम काही शब्दांच्या आहेत आणि त्या प्रार्थनेच्या वेळी अश्रू आले की नाही, एवढेच सांगतात. सुंदर वाक्ये टाळायची असतील तर हा मार्ग मला उपयोगी पडला. मी ४ शब्दांहून अधिक लिहीत नाही आणि वर्ष संपेपर्यंत मागचे पान उलटत नाही.

*

माझा मुलगा गेला, त्यानंतरची वही माझ्यासमोर आहे. पहिल्या ४१ पानांवर केवळ तारीख आहे. रोज पहाटे मी वही उघडत होते, तारीख लिहीत होते आणि पेन हातात धरून बसत होते. काही पानांवर तारखेखाली शाईचा एकच ठिपका आहे, कारण पेन टेकवले आणि शब्द आला नाही. देवाचे नाव लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. तरीही वही का उघडत होते, हे मला आजही नीट सांगता येत नाही. ४२ व्या पानावर मी ‘तू कोठे होतास?’ असे लिहिले आणि त्यानंतर सहा पाने केवळ तक्रार आहे. अक्षर इतके दाबून लिहिलेले की पानाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवले तर ओळी हाताला लागतात.

असे लिहिणे पाप आहे का, या भीतीने मी फार दिवस खंगले. तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बायबलमधील ८८ वे स्तोत्र वाचायला दिले. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी बरीच स्तोत्रे विलापाची आहेत, परंतु बहुतेकांच्या शेवटी आशेची एखादी ओळ येते. या स्तोत्रात ती येत नाही, ते अंधारातच संपते. तरीही ते पवित्र ग्रंथात ठेवले गेले आहे. त्या बाई म्हणाल्या, ‘बाळ, तुकोबासुद्धा विठ्ठलाशी भांडले होते. भांडायला समोर कोणीतरी आहे, असे मानल्याशिवाय माणूस भांडत नाही.’ त्या सहा पानांना मी आता प्रार्थनाच म्हणते. पुढे आभाराची पानेही आली, परंतु ती यायला दीड वर्ष लागले.

*

मी माझ्या वडिलांच्या वतीने लिहीत आहे. ते गेली ३० वर्षे वही लिहितात आणि सर्व वह्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत. कंपवातामुळे त्यांचे अक्षर वर्षागणिक बारीक होत गेले. जुन्या वहीत एका ओळीत ५ शब्द बसत, अलीकडच्या वहीत तेवढ्याच जागेत १२ शब्द बसतात. पूर्वी ते पानभर लिहीत आणि त्यात देवाशी चांगली खडाजंगीही असे. आता आम्हा सर्वांची नावे आणि त्यांखाली एखादे वाक्य, एवढेच असते. ‘तुम्ही सांगा, मी लिहिते,’ असे मी दोनदा म्हणाले, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. एका पानाला त्यांना पाऊण तास लागतो. कालच्या पानावर तारीख आहे, माझे नाव आहे, आणि त्यापुढील शब्द मला लागत नाही. त्यांना विचारले तर ते हसतात आणि वही मिटतात.