पर्वरीत टू बीएचके: ८० लाखांना घ्यावा की २२ हजार भाड्यात राहावे?

पर्वरीवासी: आम्ही दोघे पणजीत नोकरीला, पर्वरीत २२,००० रुपये भाड्यावर राहतो. जवळच बारा वर्षे जुना टू बीएचके ८० लाखांना मिळतो आहे. बँक ६० लाख देते, ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी. हप्ता ५२,०६९. घरचे म्हणतात भाडे म्हणजे पैसे पाण्यात. निदान दहा वर्षे गोव्यातच राहणार. लांबच्या हिशेबात काय बरे?

हिशेबवही: हप्ता आणि भाडे शेजारी मांडू नका, परत न येणारा पैसा मोजा. भाड्यात तो वर्षाला २.६४ लाख. घर घेतलेत तर पहिल्या वर्षीच्या हप्त्यांतले ५.०५ लाख निव्वळ व्याज, मुद्दल जेमतेम १.२ लाख फिटते. सोसायटी, घरपट्टी, डागडुजी मिळून ६१ हजार धरा. शिवाय पदरचे २० लाख आणि मुद्रांक-नोंदणीचे साधारण ५.६ लाख. हे शुल्क बँक कर्जात धरत नाही, आणि गोव्यात नोंदणी शुल्कही किमतीच्या टक्क्याने लागते, महाराष्ट्रासारखी ३० हजारांची मर्यादा नाही. हे २५.६ लाख ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १.८ लाख आले असते. सगळे मिळून साडेसात लाख, म्हणजे भाड्यापेक्षा ४.८ लाख जास्त. ८० लाखांचे हे ६ टक्के होतात. घराची किंमत वर्षाला एवढी वाढली तरच बरोबरी.

आता दहा वर्षे. भाडे आणि देखभाल दरसाल ६ टक्क्यांनी वाढते असे धरू. भाडेकरूने २५.६ लाख आणि दरमहाचा फरक (हप्ता अधिक देखभाल वजा भाडे: पहिल्या वर्षी ३५ हजार, दहाव्या वर्षी २३ हजार) ७ टक्क्यांनी गुंतवला तर त्याच्याकडे सुमारे १०२ लाख जमतात. मालकाचे तेव्हाही ४२ लाखांचे कर्ज बाकी असते. ते वजा करता, किंमत दरसाल ४ टक्के वाढली तर त्याच्या हाती ७६ लाख, ६ टक्के वाढली तर १०१ लाख, ८ टक्के वाढली तर १३१ लाख. दलाली आणि कर यात धरलेले नाहीत. पाच वर्षांत विकलेत तर मुद्रांक-नोंदणीचे ५.६ लाख भरून यायला वेळ कमी मिळतो, आणि तोवर ६० लाखांतले फक्त ७ लाख फिटलेले असतात.

नव्या कररचनेत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुन्या रचनेत २ लाखांपर्यंत आहे. तुम्ही कोणत्या रचनेत आहात ते आधी बघा.

पर्वरीवासी: दरमहा ३५ हजार खरोखर बाजूला पडतील याची खात्री नाही. आणि घ्यायचेच ठरले तर कागद कोणते बघू?

हिशेबवही: पडणार नसतील तर माझा भाडेकरूचा आकडा कोसळतो. हप्ता सक्तीने बचत करून घेतो, हा घराचा खरा फायदा आहे. पण म्हणून ५२ हजार झेपतील असे गृहीत धरू नका. आतापासून सहा महिने भाडे भरून वर ३५ हजार आवर्ती ठेवीत टाका. दोन महिने चुकले तर उत्तर मिळाले. तरीही कर्ज घेतलेत तर बदलत्या दराचे घ्या. त्यावर वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, बोनस आला की मुद्दलात भरता येतो.

दस्तावेजी: कागद महत्त्वाचे, गोव्यात तर फारच. जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) काढा, सिटी सर्व्हेत असेल तर फॉर्म डी. कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क हे तिन्ही रकाने वाचा. इतर हक्कांत मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, ज्याला कायद्याचे संरक्षण आहे) नाव असेल तर तिथेच थांबा. मग सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद), बांधकाम परवाना, ऑक्युपन्सी म्हणजे भोगवटा दाखला, आणि सब-रजिस्ट्रारकडून निदान ३० वर्षांचा निल एन्कम्ब्रन्स, म्हणजे मालमत्तेवर बोजा नसल्याचा, दाखला.

पुष्कळ जुन्या इमारतींत लोकांकडे फक्त करारनामा असतो, खरेदीखत नाही. तुमच्या विक्रेत्याकडे जमिनीच्या अविभाजित हिश्श्यासह नोंदवलेले खरेदीखत आहे का, हे पहिले विचारा. विक्रेता विवाहित असेल तर नवराबायको दोघांचीही सही हवी. गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक असते, घर एकाच्याच नावावर असले तरी. वारसाहक्काने आलेले असेल तर इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करण्याची न्यायालयीन प्रक्रिया) पूर्ण झाली का ते बघा. एखादा वारस लिस्बनला किंवा लंडनला असेल आणि त्याचे मुखत्यारपत्र धड नसेल, तर सगळा व्यवहार अडतो.

५० लाख वा त्यावरच्या खरेदीत निवासी (करासाठी भारताचा रहिवासी) विक्रेत्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, कापून तुम्हीच भरायचा. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्क्याचा नियम लागू नाही, कपात बरीच जास्त. हे विसरलात तर वसुली तुमच्याकडून होते.

चिरा_आणि_चुना: ताई, दादा, जे कोणी असाल, घर जुलैत बघा, जानेवारीत नव्हे. रंग लावून ओल लपवता येते, पण भर पावसात नाही. बाल्कनीच्या आणि बाथरूमखालच्या स्लॅबवर लाकडी दांड्याने ठोका. पोकळ आवाज आला तर आत सळई गंजून फुगलेली आणि काँक्रीट सुटत असण्याची शक्यता आहे. त्यावर नुसते प्लास्टर चढवून उपयोग नाही. सैल भाग फोडून सळई घासायची, गंजरोधक लावायचे, मग पॉलिमर मॉर्टर. वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीवर पत्रे कोणाच्या खर्चाने बसले, परवानगी होती का, आणि गच्ची गळली तर पैसे सोसायटी देते की वरचा मालक, हे मागच्या तीन सभांच्या इतिवृत्तांत शोधा. सोसायटीचा दुरुस्ती निधीही विचारा. बारा वर्षांच्या इमारतीत तो रिकामा असेल तर बाहेरच्या रंगाची वर्गणी तुमच्याच पहिल्या-दुसऱ्या वर्षात येणार. हिशेबवहींच्या ६१ हजारांत ती बसत नाही.