वनस्पतीशास्त्राची बाई आणि गुरुत्वाकर्षणाचा तास

खडूपेटी
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मी बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र, फिजिक्सशी संबंध बारावीला सुटला तो सुटलाच. (आमच्याकडे विज्ञानाला माणूस एकच. भाग १ त्याचा आणि भाग २ पण त्याचाच.) पेशींचा धडा पुस्तक न उघडता घेते, पण भिंगांची चिन्हं शिकवायच्या आदल्या रात्री झोप लागत नाही.

गेल्या आठवड्यात दहावीला गुरुत्वाकर्षण चालू होतं. वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात, असं मी ठोकून दिलं. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी दुसऱ्या दिवशी वही घेऊन उभी. पृथ्वीची त्रिज्या ६४०० किमी, अंतराळ स्थानक ४०० किमी वर, म्हणजे ६८००. गुरुत्व त्वरणाच्या (पडणाऱ्या वस्तूचा वेग किती झपाट्यानं वाढतो त्याच्या) सूत्रात घातलं, उत्तर ८.७. "मॅडम, जमिनीवर ९.८, तिथं ८.७. मग शून्य कुठंय?"

मला सुचेना. म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही, खाली बस."

तेव्हापासून एकही हात वर होत नाही. व्याख्या उतरवून घेतात, बास. हे समजावू कसं? आणि चूक कबूल केली तर डोक्यावर बसतील का?

जुना_फळा
ताई, ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, कोल्हापूरकडं. पोरीचं गणित बरोबर आहे. स्थानक सारखं पडतच असतंय. पण आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर, त्यामुळं पडता पडता पृथ्वीला वळसा घालतंय. आतला माणूसही तसाच पडतोय, मग फरशी त्याला रेटणार कशी?

प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, पाणी भरा, बूच लावू नका. धार लागली की गॅलरीतून सोडा. पडताना धार बंद, कारण पाणीही बाटलीबरोबर तसंच पडतंय, तळाला रेटत नाही.

कबुलीचं म्हणाल तर मी एकदा अमीटर (वीजप्रवाह मोजायचं यंत्र) एकसरीत जोडायचा तो समांतर जोडून वर्गासमोर जाळलाय. पोरं अजून भेटली की तेच काढतात. अमीटर कसा जोडायचा, हे मात्र एकही विसरला नाही.

लोकल_८_१२
बोलायला सोपं आहे. ४०-४० गुणांचे दोन पेपर, वर प्रात्यक्षिकांचे २०, वर्गात ६४ डोकी. बाटल्या कधी पाडायच्या? "परीक्षेला येत नाही" मी रोज म्हणतो. नाइलाज असतो.

कॉमर्सवाला
सर, तुमचा नाइलाज कळतो. पण "खाली बस" मीही ऐकलंय, नववीत, विजेच्या धड्याला. फिजिक्स नावडतं असं नव्हतं, त्या तासाला लाज वाटायची. अकरावीला फॉर्म भरताना घरी मार्कांचं कारण सांगितलं.

खडूपेटी
काल केलं. आधी फळ्यावर ८.७ लिहिलं आणि म्हटलं, हिचं बरोबर, माझं चूक. कुणी डोक्यावर बसलं नाही, एक जण फक्त "मग परवाचं खोडायचं का?" म्हणाला. खोडा म्हटलं. मग दुसऱ्या मजल्यावरून बाटली. धार खरंच थांबली! शिपाईमामांची सायकल भिजली, ते अजून बोलत नाहीत.

त्यावर हीच मुलगी म्हणे, "वर फेकली तर?" मला वाटलं वर जाताना धार लागेल. मैदानात फेकून पाहिली. वर जातानाही बंद! काका, हाताचा जोर सुटला की वर जाताना काय, खाली येताना काय, ओढ तीच, म्हणून ना? उद्या पहिला तास आहे, रात्रीत सांगा.