गाडीच्या एसीत गॅस भरण्याआधी कंडेन्सरचा पंखा बघा

हायवेवर एसी छान गार आणि सिग्नलला थांबलं की गरम हवा, हे तुम्ही दिलेलं लक्षण वाचून मला गॅसपेक्षा पंख्याचाच संशय जास्त येतो. गाडी पळत असताना समोरच्या वाऱ्याने कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, गाडीच्या पुढची जाळी) थंड होतो. उभ्या गाडीत ते काम फक्त पंखा करतो. तो बंद असेल तर हाय साइडचं (म्हणजे कंडेन्सरकडच्या, जास्त दाबाच्या बाजूचं) प्रेशर चढत जातं आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बंद करतो.

इंजिन चालू ठेवून एसी लावा, बॉनेट उघडून बघा (हात लांब ठेवा, पंखा अचानक सुरू होतो). फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), मग पंख्याच्या मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन पाहायचं. फिरत असेल तर कंडेन्सरमध्ये चिखल-कचरा अडकलाय का ते बघा. धुताना प्रेशर वॉशर नको, जाळीच्या पात्या वाकतात.

'दरवर्षी गॅस भरायचाच' हा गॅरेजवाल्याचा सल्ला मात्र कृपया ऐकू नका. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. वर्षभरात संपत असेल तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. आर-१३४ए हा एसीचा गॅस हवामानालाही घातक आहे. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने एसीच्या पाइपांतली हवा आणि ओलावा ओढून काढणं) करायला लावा, नाहीतर आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब कमी करून तो गार करणारी बारीक झडप) गोठतो. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनानेच भरून घ्या.

पंखा फिरतोय की नाही ते इथे कळवा, मग पुढचं बघू.